हिब्रू व अरबी भाषांचे महाराष्ट्रातील अध्ययन

मराठी मुलखात हिब्रू व अरबी या सेमिटिक भाषांच्या अध्ययनाची परंपरा विद्यापीठांहून पुष्कळ जुनी असून, ती मुख्यतः निरनिराळ्या समाजांच्या शेजारातून आणि परस्परांच्या गरजेतून वाढली. खानदेशात तिची एक साक्ष दगडावर कोरलेली आढळते. फारुकी सुलतान राजा अलीखान ऊर्फ आदिलशहा याने बऱ्हाणपुरास बांधविलेल्या जामा मशिदीत अरबी लेखासोबत एक संस्कृत लेखही असून, त्यात सृष्टिकर्त्याचे स्तवन, फारुकी घराण्याची वंशावळ आणि संवत् १६४६, शके १५११ ही मिती तिथिवारासह दिलेली आहे. मशिदीच्या भिंतीवर पंचांगाची परिभाषा नांदावी, ही गोष्ट त्या दरबारात मौलवी व शास्त्री यांचा किती निकटचा सहवास असेल ते सांगून जाते.

राज्यकारभारातली अरबी मात्र महाराष्ट्रात फार्सीच्या हातून आली. धुळे शहरात ज्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे, त्या इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुन्या मराठी दप्तरांतील फार्सी-अरबी शब्दांचे प्रमाण तपासून या देवघेवीचा शास्त्रीय विचार प्रथम मांडला. आजही खानदेशातील मकतबांत मुले कुराणाचे पठण उर्दूच्या आधारे शिकतात, आणि बाजारात मराठी-अहिराणी बोलतात.

हिब्रूचा वृत्तान्त अधिक विस्ताराने सांगण्याजोगा आहे. कोकणच्या किनारपट्टीवर तेलाचा घाणा चालविणारे व शनिवारी काम बंद ठेवीत म्हणून शनवार तेली म्हणविले जाणारे बेने इस्रायल हे यहुदी मराठी बोलत. सुंता, शब्बाथ व आहाराचे निर्बंध त्यांनी पाळले असले, तरी हिब्रूपैकी ‘शेमा’ ही एक प्रार्थनाच काय ती त्यांच्या मुखी उरली होती. दावीद राहाबी नामक गुरूने झिराडकर, शापूरकर व राजपूरकर या घराण्यांतील तरुणांना हिब्रू शिकवून काजी नेमले, असे त्यांची परंपरा सांगते. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीनच्या यहुदी शिक्षकांनी या समाजाला प्रार्थनाविधी नीट शिकविला.

याच काळात स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये बेने इस्रायलांसाठी हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. पण शिकणाऱ्यांनी विद्या घेतली आणि धर्म बहुतांशी आपलाच राखला, हे त्या समाजाच्या स्थैर्याचे लक्षण म्हणून मुद्दाम नमूद करावेसे वाटते. पुढे १८४६ मध्ये मुंबईस व १८७४ मध्ये पुण्यास वल्हांडणाच्या सणाची ‘हग्गादा’ ही पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. अशा पुस्तकात हिब्रूची ओळ उजवीकडून व मराठीची डावीकडून सुरू होत असल्याने, वाचणाऱ्याच्या नजरेला पदोपदी दिशा पालटावी लागते.

बगदादहून आलेल्या यहुद्यांची घरची भाषा अरबी होती आणि ती ते हिब्रू लिपीत लिहीत. मुंबईत या भाषेतले मुद्रणही चालत असे. अरबीच्या सवयीने हिब्रूतील ‘हेथ’ व ‘आयिन’ ही कंठ्य अक्षरे ते स्पष्ट उच्चारीत, तर मराठी जिभेवर ती सहजच ‘ह’ व ‘अ’ यांत मिसळून जात. विवाह व धर्मविधी यांबाबत बगदादी मंडळींनी बेने इस्रायलांना दूर ठेवले, हे दुःखद सत्य आहे. तथापि बगदादींच्याच मुलांसाठी ससून घराण्याने चालविलेल्या विद्यालयाचे मुख्याध्यापकपद जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) या बेने इस्रायल पंडिताने प्रदीर्घ काळ भूषविले. राजपूरकर मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक होते, आणि हिब्रू प्रार्थनांची त्यांनी केलेली मराठी भाषांतरे सामान्य कुटुंबांच्या नित्य उपयोगाची ठरली. हाईम सॅम्युअल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये निघालेल्या शाळेने हेच कार्य मुलांपर्यंत नेले. तर १८८० च्या सुमारास अब्राहाम, योसेफ यांची आख्याने मराठी कीर्तनातून रंगू लागली.

१९४८ नंतर बेने इस्रायलांपैकी बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तेथील ‘उल्पान’ नामक हिब्रू वर्गांत मराठी बोलणारे आणि १९५०–५१ मध्ये इराकहून आलेले अरबी बोलणारे यहुदी या दोहोंनाही व्यवहाराची हिब्रू नव्याने शिकावी लागली. त्यांतल्या मराठी भाषकांनी तेथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही चालविले.