आरोग्य

आरोग्य : शरीर व मन यांची कामे सुरळीत चालणे आणि त्या बळावर माणसाला आपले रोजचे जगणे स्वतःच्या निर्णयाने चालवता येणे, अशी अवस्था. व्याख्येच्या पूर्वार्धाबद्दल फारसा वाद नाही. उत्तरार्धाबद्दल आहे, कारण निर्णयाची मुभा ही वैद्यकाची बाब नव्हे असे अनेकांना वाटते. मात्र बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची स्थिती पाहिली, तर हा उत्तरार्ध वगळणारी व्याख्या अपुरी पडते.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात दोष, अग्नी, धातू व मलक्रिया यांचे साम्य आणि आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नता ही स्वस्थ माणसाची लक्षणे सांगितली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेवर २२ जुलै १९४६ रोजी सह्या झाल्या व ती ७ एप्रिल १९४८ पासून अमलात आली. तिने आरोग्याचा अर्थ रोगाच्या अभावापुरता न ठेवता संपूर्ण शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्यापर्यंत नेला. ही कसोटी इतकी उंच आहे की तिच्यावर जवळपास कोणीच निरोगी ठरत नाही, हा तिच्यावरील मुख्य आक्षेप. दुसऱ्या टोकाला अमेरिकी तत्त्वज्ञ क्रिस्टोफर बूर्स यांनी १९७७ मध्ये, त्या वयाच्या व लिंगाच्या माणसांत अवयवांचे कार्य सर्वसाधारणपणे जसे चालते तसे चालणे, एवढ्यावर आरोग्य बेतले. २०११ मध्ये डच संशोधक माख्टेल्ड ह्यूबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी परिस्थितीशी जुळवून घेण्याची व स्वतःला सांभाळण्याची क्षमता म्हणजे आरोग्य, असा मध्यममार्ग सुचवला. दीर्घ आजार घेऊन जगणाऱ्यांना तो न्याय देतो, म्हणून तो बराच स्वीकारला गेला. मात्र जुळवून घ्यावी लागणारी परिस्थितीच अन्यायाची असेल तर काय, हा प्रश्न त्यात सुटत नाही.

बीडमधून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास मजुरांचे तांडे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती तोडलेल्या उसाच्या टनांवर फिटते. दिवस बुडाला तर खाडा पडतो, म्हणजे मजुरी जाते आणि वर दंड बसतो. कोपीजवळ, म्हणजे राहण्याच्या झोपडीजवळ, संडास-न्हाणी नसते, पाणी लांबून आणावे लागते, पहाटेपासून वाकून तोडणी आणि मग मोळ्या डोक्यावरून वाहनात चढवणे हे काम पाळीत व गरोदरपणातही सुटत नाही. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे, जास्त रक्तस्राव अशा तक्रारी घेऊन गेलेल्या अनेकींना ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला मिळाला. २०१९ मध्ये हा प्रकार गाजल्यावर राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे साधारण सहांमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांत हे प्रमाण सुमारे तीन टक्के होते. दोन्हींचे वयोगट तंतोतंत सारखे नसले तरी ही तफावत केवळ वयाने भरून निघण्याजोगी नाही.

जुळवून घेण्याच्या कसोटीवर शस्त्रक्रियेनंतर पुन्हा कोयता धरणारी स्त्री निरोगी ठरेल, कारण तिने पाळी, खाडा आणि उचल यांच्या कात्रीतून वाट काढली. अवयवाच्या कसोटीवर ती रोगी ठरेल, पण दोष फक्त पोटात दिसेल. कमी वयात अंडाशयेही काढली गेली असतील तर रजोनिवृत्ती अकाली येते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. ही किंमत हंगामाच्या हिशेबात कुठेच लिहिलेली नसते. फ्रेंच विचारवंत जॉर्ज कांगिलेम यांनी १९४३ मध्ये मांडलेली भूमिका येथे अधिक उपयोगी पडते. त्यांच्या मते निरोगी जीव परिस्थितीचे नियम पाळतो, तसाच ते बदलूही शकतो. पोटात दुखते म्हणून एक दिवस थांबण्याची सोय नसलेल्या माणसाकडे ही दुसरी क्षमता नसते.

होमिओपॅथीचा दृष्टिकोन येथे लक्षात घेण्याजोगा आहे. सॅम्युअल हानेमान (१७५५–१८४३) यांच्या ‘ऑर्गेनन’ (१८१०) या ग्रंथाच्या पुढील आवृत्त्यांत आरोग्य म्हणजे जीवनशक्तीने देहाचे सर्व व्यापार सुसंवादी राखणे, असे मांडले आहे. रोग हा त्या शक्तीचा बिघाड मानल्यामुळे औषध अवयवासाठी न निवडता रुग्णाच्या समग्र लक्षणांवरून निवडले जाते. झोप, तहान, भीती, स्वभाव हे सारे विचारले जाते. अवयव काढून प्रश्न मिटवणाऱ्या वैद्यकाला हा चांगला शह आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अपायकारक जागी राहण्याने, अतिश्रमाने किंवा जीवनावश्यक गोष्टींच्या अभावाने झालेले विकार खरे जुनाट रोग नव्हेत, राहणी सुधारली की ते आपोआप मावळतात, असे हानेमान यांनीच नोंदवले. म्हणजे ऊसतोड स्त्रीच्या अनेक तक्रारींवर त्यांच्या तर्कानुसारही पहिला उपाय विश्रांती, पाणी व संडास हाच ठरतो.

जीवनशक्तीची कल्पना व औषधांचा गुण या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. होमिओपॅथीत औषध दर टप्प्याला शंभर पट विरळ करतात. अशा बारा टप्प्यांच्या १२सी पोटेन्सीला मूळ द्रव्य १०^२४ पट विरळ होते, ३०सीला १०^६० पट. ३०सीला तर मूळ पदार्थाचा एखादा रेणूही उरण्याची शक्यता नगण्य असते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध संशोधन तपासून, कोणत्याही विकारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. तरीही रुग्णांना बरे वाटते, हा आक्षेप खोडून काढण्याची गरज नाही. निवांत ऐकून घेणारा डॉक्टर, आपोआप ओसरणारा आजार आणि अपेक्षा यांतून आराम मिळतो. मात्र रक्तस्रावाचे कारण न तपासता त्या आरामावर विसंबणे धोक्याचे आहे. होमिओपॅथीकडून प्रश्न विचारण्याची रीत घ्यावी. उत्तर घेण्याआधी पुरावा मागावा.

ऊसतोड स्त्रियांच्या प्रश्नाकडे परतल्यास, पहिला आक्षेप असा की त्यांनी शस्त्रक्रियेला स्वतः संमती दिली होती. पण खाडा, कर्करोगाची घातलेली भीती आणि दुसऱ्या तपासणीचा अभाव यांत दिलेली संमती म्हणजे उपलब्ध पर्यायांतला कमी तोट्याचा पर्याय. दुसरा आक्षेप, मजुरीचे दर व उचल सुधारणे हे डॉक्टरचे काम नाही. बीडला लागून असलेल्या जामखेडमध्ये रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाने याला उत्तर दिले आहे. तेथे अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या; पिण्याचे पाणी, शेती आणि जातिभेद हे आरोग्याचेच विषय मानले गेले; दवाखाना त्या कामाचा एक भाग राहिला. २०१९ नंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. ही तपासणी आवश्यक आहे, पण ती चुकीची शस्त्रक्रिया अडवते, तक्रार निर्माण करणारे काम तसेच राहते. म्हणून आरोग्याचे मोजमाप करताना रोगांच्या आकड्यांसोबत पगारी सुट्टी, कामाच्या जागी पाणी व संडास आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याची ऐपत यांचीही नोंद झाली पाहिजे. त्यांच्याशिवाय मिळालेला निरोगीपणाचा दाखला माणसाच्या कामाला येण्याचा असतो, आरोग्याचा नव्हे.