विकृत गुन्ह्याची कथा आणि तिचा वाचक
रहस्यकथेचा इतिहास सामान्यतः तर्कबुद्धीच्या विजयाचा इतिहास म्हणून मांडला जातो. एडगर ॲलन पो याने १८४१ मध्ये द्युपाँ हा शोधक निर्माण केला, हा त्याचा आरंभबिंदू. परंतु याच पोने १८४३ मध्ये ‘द टेल-टेल हार्ट’मध्ये खुन्यालाच निवेदक केले. पहिल्या प्रकारात वाचक शोधकाच्या शेजारी उभा असतो. दुसऱ्यात त्याला गुन्हेगाराच्या मनात वस्ती करावी लागते. या दुसऱ्या प्रवाहाचे वाचन किती बिकट असते, हे जपानमधील इतिहासावरून स्पष्ट होते.

हिराई तारो (१८९४–१९६५) याने पोच्या नावाच्या जपानी उच्चारावरून ‘एदोगावा राम्पो’ हे टोपणनाव घेतले. १९२३ मध्ये ‘शिन सेइनेन’ मासिकात आलेली त्याची पहिली कथा गूढलिपीच्या उकलीची, म्हणजे तर्कप्रधान होती. १९२५ मधील ‘मानवी खुर्ची’त मात्र शोधकच नाही. स्वतः घडवलेल्या खुर्चीत लपून राहिलेला कारागीर एका लेखिकेला पत्राने आपला अपराध कळवतो. तिची रोजची खुर्ची तीच, हे तिला वाचता वाचता उमगते. पुढे दुसरे पत्र येते आणि पहिले पत्र म्हणजे केवळ कल्पित कथा होती, असे सांगते. तरीही भय ओसरत नाही. कारण वाचन ही सुरक्षित अंतरावरून करावयाची कृती आहे, हा विश्वासच ढळलेला असतो. जपानी समीक्षेने अशा कथांना अस्सल रहस्यकथेहून वेगळी, ‘वळण सोडलेली’ म्हणून बाजूला काढले. या वर्गीकरणातच एक मूल्यनिर्णय दडलेला होता.

१९२९ मधील ‘सुरवंट’ या कथेने हा प्रश्न राजकीय केला. युद्धात हातपाय, वाचा आणि श्रवण गमावलेला सैनिक आणि त्याचा छळ करणारी पत्नी असे तिचे विषयद्रव्य आहे. डाव्या वाचकांनी ती युद्धविरोधी म्हणून गौरविली. राम्पोने तसा हेतू नाकारला. आणि १९३९ मध्ये सेन्सॉरने ती संग्रहातून काढून टाकावयास लावली. लेखकाचा नकार शासनाने ग्राह्य धरला नाही, ही बाब महत्त्वाची. सन्मानपदकांच्या भाषेने झाकलेला देह येथे उघडा पडला होता, आणि तो पाहण्यास कोणताही शोधक मध्यस्थ नव्हता.

तेव्हा विकृताच्या वाचनाला निव्वळ सवंग कुतूहल म्हणून निकालात काढणे इतिहासाला धरून होत नाही. तर्ककथा अखेरीस व्यवस्था पूर्ववत करते. ही कथा तो दिलासा नाकारते आणि आपण काय पाहिले याचे उत्तरदायित्व वाचकावरच सोपविते.