मातीतला खाशाबा, ज्युदोतला इशी

मिरजेहून पुण्याच्या गाडीत बसलं की सांगली, किर्लोस्करवाडी मागे टाकत कराड येतं. कराडला लागूनच गोळेश्वर, खाशाबा जाधवांचं गाव. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण त्याच ५७ किलो गटात सुवर्णपदक कुणी नेलं, असं विचारलं तर भलेभले गप्प होतात.

त्याचं नाव शोहाची इशी. खाशाबांसारखाच १९२६ सालचा. गंमत म्हणजे हा गडी मूळचा कुस्तीतला नव्हेच, ज्युदोतला. महायुद्धात जपान हरला, अमेरिकेचा अंमल आला आणि शाळांमधून ज्युदोवर बंदी आली. युद्धखोरीचं शिक्षण देणारी विद्या, असा तिच्यावर ठपका. आयुष्यभर अंगरखा धरून प्रतिस्पर्ध्याला फेकायला शिकलेला इशी मग उघड्या अंगाच्या कुस्तीकडे वळला. पकडायला कापड नाही, सगळा हिशेब नव्याने मांडायचा!

खाशाबांचंही तसंच. तांबड्या मातीत घडलेला हा मल्ल १९४८ साली लंडनला गेला, तेव्हा मॅटची कुस्ती त्यांना नवीच होती. तरी सहावा क्रमांक मिळवला. जपानला मात्र त्या स्पर्धेत प्रवेशच नव्हता. हेलसिंकीला जायला खाशाबांकडे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. असे प्राचार्य आता दिवा घेऊन शोधावे लागतील.

मातीत पाठ टेकली की कुस्ती संपते. ज्युदोतही पाठीवर स्वच्छ आदळला की खेळ खलास. हेलसिंकीत मात्र या दोघांपैकी कुणी चीतपट झालं नाही. कुस्ती लांबली आणि कौल इशीच्या बाजूने गेला. लगेच पुढची लढत, समोर सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव्ह. नियमाने अर्धा तास विश्रांती हवी होती. ती मागायला आपला एकही अधिकारी हजर नव्हता, असं सांगतात. दमलेले खाशाबा हरले.

जपानला हेलसिंकीत मिळालेलं एकमेव सुवर्ण इशीचं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक खाशाबांचं. कराडहून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे खाशाबा पोलिसांत गेले, १९८४ साली अपघातात वारले; अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००१ साली. इशी त्याआधीच, १९८० साली गेला. त्याचा ज्युदो ऑलिंपिकमध्ये आला तो १९६४ साली, टोकियोत. तेव्हा इशी अडतिशीला टेकला होता.