स्वेआबोर्गचा करार

किल्ला पडला म्हटले की सुरुंग, खिंडार आणि तटाखालची प्रेते डोळ्यांपुढे येतात. स्वेआबोर्ग पडला तो कागदावरच्या एका कलमाने. म्हणूनच श्रोत्यांना त्याची हकिगत सांगावी असे आम्हांला वाटले.

फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्यात होते. हेलसिंकीसमोरच्या बेटांवर १७४८ पासून एरेन्सव्हर्डने हा किल्ला बांधला. मागाहून येणाऱ्यांनी स्वतःच्या पायावर उभे राहावे, परक्याच्या मदतीवर भिस्त ठेवू नये, अशा आशयाचा लेख त्याच्या राजदरवाजापाशी कोरलेला आहे.

फेब्रुवारी १८०८ मध्ये रशियाने फिनलंडवर स्वारी केली. किल्लेदार क्रोनस्टेट हा काही भित्रा माणूस नव्हे; १७९० च्या स्वेन्सकसुंडच्या आरमारी लढाईत त्याने नाव कमावले होते. त्याच्यापाशी सहा हजारांवर माणसे आणि सातशेवर तोफा होत्या. वेढा घालणारे आरंभी त्याहून थोडे होते. पण समुद्र गोठलेला, आणि तटाच्या आत अधिकाऱ्यांची बायकामुले. रशियन सेनापती सुख्तेलेन याने तोफांपेक्षा जिभेवर अधिक भर दिला.

६ एप्रिलला करार झाला. ३ मेच्या दुपारपर्यंत पाच स्वीडिश लढाऊ जहाजे बंदरात आली नाहीत, तर किल्ला स्वाधीन करावयाचा! संपाच्या वाटाघाटींना जे बसले आहेत त्यांनी हे कलम दोनदा वाचावे. मुदत दोघांची, पण ती पाळणे एकाच्याही हाती नाही. बर्फ कधी वितळेल ते देव जाणे. आणि स्टॉकहोमला निघालेल्या जासुदांची वाट रशियनांच्या ताब्यातून जात होती. ते पोचले तेव्हा मुदत संपतच आली होती. युद्धमंडळात अधिकाऱ्यांनी मते दिली. तटावरच्या शिपायाला कोणी विचारले नाही.

किल्ल्याबरोबर सुमारे ११० लहानमोठी जहाजेही गेली. वेळ आल्यास आरमार जाळावे अशी राजाची आज्ञा होती, तीही पाळली गेली नाही. मेलेले शिपाई मात्र बोटांवर मोजण्याइतके.

क्रोनस्टेटने लाच घेतली, असे लोक पुढे बोलू लागले. पुरावा आजवर मिळालेला नाही. आम्हांला ही लाचेची गोष्ट फार सोयीची वाटते. एक माणूस विकला गेला म्हटले की अधिकाऱ्यांची राजावरची जुनी नाराजी, युद्धाची अपुरी तयारी, काहीच तपासावे लागत नाही.

१८०९ च्या तहाने सारे फिनलंड रशियाकडे गेले. क्रोनस्टेट तिथेच राहिला आणि १८२० मध्ये हेलसिंकीजवळ, हेर्टोनिएमीच्या आपल्या इस्टेटीवर वारला.