वणव्यानंतरचे अरण्य : डेव्हिड ॲश्टन यांचे संशोधन

वणव्यात होरपळलेल्या झाडास पुन्हा पाने फुटली, म्हणजे ते ‘पालवले’ असे आपण म्हणतो. बीजातून नवे रोप उगवले, म्हणजे बी ‘रुजले’ असे म्हणतो. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे, हे ऑस्ट्रेलियातील एका संशोधनाच्या इतिहासावरून दिसून येते.

जानेवारी १९३९ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात भडकलेल्या वणव्यांत ७१ माणसे मृत्युमुखी पडली. न्यायमूर्ती स्ट्रेटन यांच्या चौकशी आयोगाने आगींचा दोष मुख्यतः माणसांच्या माथी ठेवला. मात्र जळालेले अरण्य पुन्हा उभे कसे राहते, हा प्रश्न निराळा होता. मेलबर्न विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड ॲश्टन यांनी त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांचा विषय ‘यूकॅलिप्टस रेग्नन्स’ हा वृक्ष होय.

निलगिरीच्या कुळातील बहुतेक वृक्ष आगीनंतर सालीखालील किंवा बुंध्याच्या गाठीतील सुप्त कळ्यांतून पालवतात. नव्वद मीटरांहूनही उंच वाढू शकणाऱ्या या वृक्षास मात्र तशी गाठ नसते. तीव्र वणव्यात तो मरतो. परंतु शेंड्यावरील बोंडांत त्याचे बी सुरक्षित राहते व आगीनंतर एकदम खाली पडते. एरवी पडणारे बहुतेक बी मुंग्या वाहून नेतात; वणव्यानंतरचा बीजवर्षाव मात्र त्यांना आवरत नाही, असे ॲश्टन यांना आढळले. राखेने समृद्ध झालेल्या मोकळ्या भूमीत, भरपूर उजेडात, रोपे जोमाने वाढतात. दाट छायेत ती टिकत नाहीत.

यावरून आग या वृक्षास हितकारक आहे, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. नव्या झाडांस पुरेसे बी धरण्यास सुमारे वीस वर्षे लागतात. तत्पूर्वी दुसरा वणवा आला, तर रुजण्यास बीच उरत नाही आणि तेथे बाभूळवर्गीय झुडुपे माजतात. तात्पर्य, निर्णायक आहे ते दोन आगींमधील अंतर.

ॲश्टन २००५ मध्ये निवर्तले. त्यांनी अभ्यासलेले वॉलबी क्रीक येथील सुमारे तीनशे वर्षांचे वृक्ष ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यात जळाले. त्यांच्या जागी रोपे उगवली, एवढ्यावरून अरण्य सावरले असे म्हणता येणार नाही. ती रोपे बी धरीपर्यंत वाचली पाहिजेत.