पोटगी मिळायची, नाव नाही

धारवाडच्या कोर्टात मी वकिली सुरू केली तेव्हा अनौरस मुलाच्या पोटगीचा अर्ज ज्येष्ठ वकील घेत नसत. फी नाही, वर समोर गावचा प्रतिष्ठित माणूस. असले अर्ज आम्हा नवख्यांकडे येत. बरेचसे सौंदत्तीच्या वाटेवरच्या गावांतून येत. बाई जोगतीण, म्हणजे यल्लम्मा देवीला सोडलेली, गळ्यात तिचे मणी. ज्याच्याशी संबंध त्याला ती ‘यजमान’ म्हणे, आणि अर्जात त्याचं नाव लिहायची वेळ आली की गप्प बसे.

कायदा मात्र तिच्या आजीच्या आधीचा होता. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनेच औरस वा अनौरस, स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या मुलाला बापाकडून पोटगी देववली. यात कुणाला दया दिसली तर दिसो, मला दिसत नाही. १८७२ ची संहिता घडवणाऱ्या फिट्झजेम्स स्टीफनने हेतू सरळ सांगितला होता: भटकेगिरी आणि तिचे परिणाम टाळायचे. पोर रस्त्यावर आलं तर सरकारला ताप, म्हणून बापाला धरायचं. पुढे १८९८ च्या संहितेत हेच कलम ४८८ झालं. कमाल मर्यादा महिना ५० रुपये, १९२३ पासून १००, १९५५ पासून ५००. १९७४ मध्ये कलम १२५ आलं तरी ५०० तसेच राहिले, थेट २००१ पर्यंत! शेंगदाणा तेलाचा भाव कुठल्या कुठे गेला, अनौरस मुलाच्या भुकेचा भाव तोच.

हिंदू कायद्याची तऱ्हा आणखी वेगळी. दासीपुत्राला शूद्र बापाच्या मालमत्तेत वाटा मिळू शके. वरच्या वर्णांत त्याला फक्त अन्नवस्त्र. म्हणजे यजमान ब्राह्मण असेल तर पोराला जमीन नाही. आमच्या भागात ही बाब केवळ पोथीतली नव्हती. १९५६ च्या दत्तक आणि पोटगी कायद्याने अनौरस मुलांचा भार आईबाप दोघांवर टाकला, तरी जमिनीचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

बापाकडून काही येत नसे म्हणून आईकडून सगळं येई. देवाला सोडलेल्या मुलीला मुलासारखा हक्क मिळे, माहेरच्या जमिनीचाही. मुलगा नसलेली घरं यासाठीसुद्धा मुलगी सोडत. गाणाऱ्या बायकांच्या घराण्यांतही नावगाव आईचंच चाले. धारवाडात १९१३ मध्ये जन्मलेल्या गायिका गंगूबाई हनगल यांचे वडील चिक्कुराव नाडगीर; पण जगाला माहीत झालं ते आईकडचं गाव, हनगल. आई अंबाबाई स्वतः कर्नाटक संगीत गात. लेकीच्या हिंदुस्थानी गळ्यावर त्याची छाया पडू नये म्हणून त्यांनी आपलं गाणं आवरलं. देवाला सोडलेल्या आयांसाठी १९३४ चा मुंबईचा देवदासी कायदा आला. तो म्हणाला, देवदासीने लग्न केलं तर ते वैध आणि मुलंही औरस. पण लग्न करणार कोण, हे त्याला विचारता आलं नाही.

कोर्टात खरा घोळ पुराव्याचा. बाईला बायको ठरायचं तर लग्न शाबीत करावं लागे, मुलाला तशी अट नव्हती. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात तेच धरून मुलाची पोटगी कायम केली. तरी बाप कोण हे कुणीतरी सांगायला हवं. आम्ही सुईण बोलावत असू, शाळेचं रजिस्टर काढत असू, बारशाला साखर कोणी वाटली ते विचारत असू. साखर वाटलेला माणूस साक्षीच्या पिंजऱ्यात हमखास सांगे, ‘गावात सगळ्यांनाच वाटतो.’ आदेश मिळाला तरी वसुली होईना. दर थकलेल्या महिन्यासाठी महिनाभराच्या कैदेचं वॉरंट निघू शके, पण ते बजावायला जाणारा पोलीस त्याच गावचा.

डीएनए पुढे आला. हैदराबादच्या लालजी सिंगांनी केलेल्या चाचणीवर केरळ उच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पितृत्व मान्य केलं. आमच्याकडे तो खर्च परवडणारा अर्जदार मी पाहिला नाही. कर्नाटकाचा १९८२ चा बंदी कायदा देवाला सोडण्यावर होता, बापावर नव्हता. २०२५ मध्ये विधिमंडळाने नवं देवदासी विधेयक मंजूर केलं. त्यात मुलांना चाचणी करून बापाची ओळख पटवण्याचा, पोटगीचा आणि वारशाचा हक्क आहे.

बातमी वाचून माझ्या जुन्या पक्षकारांची मुलं आली. पन्नाशीतली. पोटगीचं वय कधीच सरलं; यजमान जळून राख झाले. त्यांना विचारायचं होतं ते एवढंच: सावत्र भावाने रक्त द्यायला नकार दिला तर काय करायचं? मी म्हटलं, अर्ज तर करू. एकाने बापाचं नाव लगेच सांगितलं, त्याच्या आईने जे कधी सांगितलं नव्हतं.