खिशातलं पिस्तूल

परवा रात्री जेवणं आटोपून बसलो होतो, तेवढ्यात टेक्ससहून पुतण्याचा फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाली, पाऊसपाणी झालं, माझे गुडघे झाले, आणि मग साहेब मुद्द्यावर आले.

"काका, एक छोटं पिस्तूल घ्यावं म्हणतोय. खिशात मावेल, बाहेरून दिसणार नाही असं."

मी क्षणभर गप्पच बसलो. आमच्या घराण्यात आजवर कुणी अडकित्त्याहून मोठं हत्यार बाळगल्याचं ऐकिवात नाही! पण तो चेष्टा करत नव्हता. त्याच्या घराजवळच्या पेट्रोलपंपावर रात्री एका माणसाला लुटलं होतं, आणि हा कामावरून परततो तेव्हा अकरा वाजून गेलेले असतात. कायद्याची अडचण नाही. टेक्समध्ये सार्वजनिक जागी पिस्तूल बाळगण्यावर १८७१ पासून कडक बंधनं होती. ती १९९५ च्या कायद्याने सैल झाली, परवाना घेऊन लपवून बाळगण्याची मुभा मिळाली. सप्टेंबर २०२१ पासून बहुतेक प्रौढांना तोही परवाना लागत नाही.

त्याने यादीच वाचून दाखवली. एक अगदी हलकं, पण उडवताना हाताला फार धक्का देतं. दुसरं मुठीत नीट बसतं, पण खिसा फुगतो. तिसऱ्याची गोळी फारच बारकी. त्याचा कल होता तो एका 'तीनशेऐंशी'कडे. तीनशेऐंशी हे काडतुसाचं नाव. तळहाताएवढं पिस्तूल, पावशेराच्या आगेमागे वजन. "पण नळी इतकी आखूड की दहा-बारा फुटांपलीकडे नेम धरणं अवघड," तो म्हणाला. "काका, जन्मभर इतिहास शिकवलात. जरा सांगा की काही!"

मला पिस्तुलातलं काय कळणार? पण फोन ठेवल्यावर झोप येईना, आणि एक जुना प्रश्न डोक्यात घोळायला लागला.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीच्या वर्गात अनंत कान्हेरे शिकवत होतो. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "सर, नाटकगृहात एवढी माणसं होती. त्यांनी पिस्तूल आत नेलं कसं? कुणाला दिसलं कसं नाही?" वर्ग हसला. तास संपत आला होता. मी म्हणालो, "लपवून नेलं. बस खाली." वाटतं, त्या पोराने त्या धड्यातला सगळ्यात चांगला प्रश्न विचारला होता आणि मी त्याला खाली बसवलं. तर आज त्याचं आणि पुतण्याचं, दोघांचं उत्तर एकदमच देतो.

खिशातल्या पिस्तुलाचं नाव घ्यायचं तर सुरुवात फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरपासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्याची पिस्तुलं अमेरिकेत घरोघरी माहीत झाली होती. वितीहून आखूड, एकच गोळी, तीही नळीच्या तोंडातून ठासून भरायची. प्रवासी, व्यापारी, जुगारी, सगळे घेत. घेताना कारण एकच, स्वसंरक्षण. इतरांनी इतक्या नकला केल्या की त्याचं नाव एक 'आर' जास्त लावून सामान्यनाम होऊन बसलं.

त्यातलंच एक १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात जॉन विल्क्स बूथच्या खिशात होतं. अब्राहम लिंकन नाटक बघत बसले होते. बूथने मागून येऊन डोक्यात गोळी घातली. दुसरी गोळी नव्हतीच, म्हणून सोबत सुरा आणला होता. तो त्याने शेजारी बसलेल्या मेजर रॅथबोनवर चालवला. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंकन गेले.

गंमत अशी की लपवलेल्या हत्याराचा संशय अमेरिकेला फार जुना. केंटकी राज्याने १८१३ सालीच ते बाळगायला बंदी केली होती. कमरेला उघड लटकवलेलं दिसतं तरी, लपवलं म्हणजे मनात काही काळंबेरं आहे, असा त्या काळचा समज. पुतण्याला हे सांगितलं तर त्याला खरं वाटेना, कारण आता त्याच्या गावात उलटं आहे. उघड लटकवणारा आगाऊ आणि लपवणारा सभ्य!

डेरिंजरनंतर रिव्हॉल्व्हरांचा जमाना आला. गोळ्या पाच-सहा झाल्या, पण गोळ्यांचं फिरतं चाक पोटासारखं फुगलेलं, आणि मागचा घोडा खिशातून काढताना कापडात अडकणार. ६ सप्टेंबर १९०१ ला बफेलो शहरात लिऑन चॉल्गॉश अध्यक्ष मॅकिन्ली यांना हस्तांदोलन करणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिला, तो उजव्या हाताला रुमाल गुंडाळूनच. हाताला दुखापत झाली असेल असं दिसावं, म्हणून. रुमालात रिव्हॉल्व्हर होतं. आठ दिवसांनी मॅकिन्ली वारले.

ही अडचण सोडवली जॉन ब्राउनिंगने. अमेरिकेतल्या युटाचा हा माणूस, बंदुका दुरुस्त करणाऱ्या बापाचा मुलगा. बेल्जियममध्ये लीएजजवळ एर्स्टाल गावी 'एफएन' नावाचा शस्त्रांचा कारखाना होता. त्यांनी त्याच्या रचनेचं पिस्तूल १९०० च्या सुमारास बाजारात आणलं. चाक नाही, सात गोळ्या मुठीच्या आत एकावर एक रचलेल्या. बाहेर घोडा नाही, कापडात अडकेल असं काहीच नाही. एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरचा भाग मागे सरकतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि पुढचं आपोआप नळीत जातं. जाडीला चपटं, वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. पुढे त्याने बंडीच्या खिशात मावेल असं आणखी धाकटं भावंड काढलं, साडेचार इंच लांबीचं. त्याच्या मुठीमागे एक कळ ठेवली. मूठ घट्ट आवळल्याशिवाय चाप ओढता येत नाही. खिशातल्या खिशात उडून मालकाचीच मांडी फुटू नये, ही काळजी! ही पिस्तुलं लाखांनी खपली. फ्रेंच भाषेत तर 'ब्राउनिंग' म्हणजेच पिस्तूल असा अर्थ झाला.

जाहिरात अर्थातच स्वसंरक्षणाची. इतिहासाच्या पुस्तकात मात्र ते कुठे भेटतं बघा. १६ जून १९०४, हेलसिंकी : फिनलंडच्या शाउमानने रशियाचा गव्हर्नर जनरल बोब्रिकोव्ह याला गोळ्या घातल्या. २६ ऑक्टोबर १९०९, हार्बिन रेल्वे स्टेशन : कोरियाच्या आन जुंग-गुनने जपानच्या इतो हिरोबुमीला मारलं. आणि बरोबर आठ आठवड्यांनी, २१ डिसेंबर १९०९, आमचं नाशिक.

ते नाशिकला आलं कसं, हीच त्या मुलाच्या प्रश्नाची पहिली पायरी. तेव्हा विलायतेत पिस्तूल मिळणं सोपं होतं. पोस्टात जाऊन दहा शिलिंगांचा परवाना घ्यायचा आणि दुकानात जायचं. मदनलाल धिंग्रांनी जानेवारी १९०९ मध्ये लंडनच्या एका मोठ्या दुकानातून कोल्ट पिस्तूल असंच राजरोस विकत घेतलं, टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या नेमबाजीच्या जागेत सराव केला आणि १ जुलैला कर्झन वायलीला मारलं. मध्ये पडलेले डॉ. कावसजी लालकाका हे पारशी गृहस्थही त्यात गेले.

हिंदुस्थानात मात्र १८७८ चा शस्त्रकायदा होता. साहेबाला सूट, आणि हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायची बंदी. गांधीजींनीसुद्धा १९१८ साली खेडा जिल्ह्यातल्या आपल्या पत्रकात, सगळ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा म्हणजे इंग्रजी राज्याचं सगळ्यात काळं कृत्य ठरेल, अशा अर्थाचं लिहिलं होतं. तेव्हा इथे एकच मार्ग उरला, लपवून आणणं. विनायकराव सावरकरांनी फेब्रुवारी १९०९ मध्ये पॅरिसहून मिळवलेली वीस ब्राउनिंग पिस्तुलं 'इंडिया हाउस'चा स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या दुहेरी तळात बसवली गेली. पेटी मुंबईत पोचण्याआधीच बाबाराव सावरकर पकडले गेले होते. राजद्रोही ठरलेल्या कविता छापल्याबद्दल त्यांना जून १९०९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तो खटला पुढे पाठवला होता नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन याने.

हा जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक. इथल्या लोककथा, चालीरीती टिपून ठेवणारा. लोक त्याला 'पंडित जॅक्सन' म्हणत. त्याची बदली झाली होती, म्हणून विजयानंद नाट्यगृहात निरोपादाखल 'शारदा'चा प्रयोग ठेवला होता. नाटकगृह भरलेलं. कोट घातलेली कितीतरी माणसं आत आली असतील. त्यातल्या एका कोटात वीसांपैकी एक ब्राउनिंग होतं. कान्हेरे अठराच्या आसपासचे होते. ते जागीच पकडले गेले. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात ते, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे फाशी गेले. पिस्तुलं पाठवल्याच्या पुराव्यावर विनायकरावांना दुसरी जन्मठेप झाली.

कान्हेरे माझ्या लेखी हुतात्मेच आहेत. नाशिकच्या मैदानाला त्यांचं नाव आहे, ते योग्यच आहे. पण हा धडा मी त्वेषाने शिकवायचो, तेव्हा त्या हत्याराचा स्वभाव कधी पाहिला नाही. त्याची ताकद दारूत नव्हती, गोळीतही नव्हती. समोरच्याला ते माहीत नव्हतं, यात होती. म्हणजे ताकद खिशाची, पिस्तुलाची नव्हे! आणि जे दिसत नाही ते धाकही घालू शकत नाही. ते कामाला येतं फक्त बाहेर काढलेल्या क्षणी, आणि तो क्षण कोणता हे ठरवतो आधी हल्ला करणारा. लिंकन, मॅकिन्ली, इतो, जॅक्सन, यांच्यापैकी कुणाच्याही खिशात पिस्तूल असतं तरी ते काढायला सवड मिळाली नसती.

आता पुतण्याच्या तीनशेऐंशीविषयी. हे काडतूसही ब्राउनिंगचंच, १९०८ सालचं. युरोपात त्याला 'नऊ मिलिमीटर आखूड' म्हणतात. २८ जून १९१४ ला साराजेव्होत गाव्रिलो प्रिन्सिपने ब्राउनिंगच्या १९१० सालच्या पिस्तुलातून ऑस्ट्रियाच्या युवराजावर दोन गोळ्या झाडल्या, त्या याच काडतुसाच्या. एक युवराजाला लागली, एक त्याच्या पत्नीला, सोफीला. तिला मारायचं त्याच्या मनात नव्हतं. पुढे महिन्याभरात महायुद्ध सुरू झालं.

आणि ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत बिर्ला भवनात नथुराम गोडसेच्या हाती होतं ते इटलीचं बेरेटा, १९३४ च्या मॉडेलचं. काडतूस तेच, नऊ मिलिमीटर आखूड. दहा दिवस आधी तिथेच बॉम्ब फुटला होता. प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घ्यावी असं पोलिसांचं म्हणणं होतं, गांधीजींनी ते मानलं नव्हतं. जो शस्त्रकायदा त्यांना काळा वाटला होता, तो त्या दिवशीही लागू होता. आणि पिस्तूल सहा इंचांचं होतं, खिशात मावणारं.

रविवारी पुतण्याला हे सगळं ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "काका, तुम्ही सांगितले ते सगळे ठरवून मारायला निघालेले. मी नाही. आणि पेट्रोलपंपावर जो वाचला, त्याचं नाव तुमच्या इतिहासात येतच नाही."

खरं आहे. न झालेल्या खुनाची सनावळी नसते. हे मी कबूल केलं. मास्तरालाही कधीतरी उत्तर सुचत नाही!

मग एवढंच म्हणालो, "घे किंवा नको घेऊस, पण निवडताना वजन, नळी, धक्का यांच्याबरोबर आणखी एक बघ. रस्त्यावरच्या लोकांना ते कळणार नाही, तुला मात्र क्षणोक्षणी कळत राहील. रांगेत कुणी धक्का दिला, कुणी शिवी दिली, तरी तुझा हात कुठे आहे हे तुलाच माहीत. ते ओझं पावशेराचं नसतं. आणि घरात सहा वर्षांची पोर आहे. तिच्यापासून खिसा किती दिवस लपेल?"

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग तो म्हणाला, "अजून घेतलेलं नाही काका. बघतो." मीही जास्त ताणलं नाही. तिथली रात्र मी बघितलेली नाही, त्याला ती रोज बघावी लागते.

असो. मागच्या बाकावरचा तो मुलगा आता पन्नाशीच्या पुढे गेला असेल. बाळा, कुठे हे वाचलंस तर ऐक. ते कुणाला दिसलं नाही, कारण ते न दिसण्यासाठीच बनवलेलं होतं. बाकी त्यात विशेष काही नव्हतं. उत्तराला उशीर झाला, माफ कर.